विठ्ठलवाडीची मंजुरी

राजदूत म्हणून नेमणूक झाली की त्या देशाच्या राजापुढे, नाहीतर राष्ट्राध्यक्षापुढे उभं राहून आपली सनद त्याच्या हातात द्यावी लागते. मी ती अनेकांच्या हातात दिली आहे. एका राजाच्या पायाशी त्या वेळी चित्त्याचं पिल्लू बसलं होतं आणि ते माझ्या बुटाची नाडी चघळत होतं. नाडी संपल्यावर त्याने बूट घेतला. मी एका बुटावर उभा राहून भारत सरकारच्या शुभेच्छा वाचून दाखवल्या, आवाज हलला नाही. पण परवा सकाळी पुण्याहून विठ्ठलवाडीला निघालो, तर मांडीवरची पिशवी अशी थरथरत होती की गाडी चालवणारा गणेश आरशातून बघत म्हणाला, "साहेब, आत जिवंत कोंबडी आहे काय?"

कोंबडी नव्हती. माझं पुस्तक होतं. म्हणजे पुस्तक व्हायच्या आधीची कच्ची पानं.

वाचकहो, सरकारने मला उभा जन्म गप्प बसायचा पगार दिला. परराष्ट्र खात्यात माणूस बोलतो ते काही न सांगण्यासाठी. निवृत्त झालो, पुण्यात घर घेतलं (ही माझ्या कारकिर्दीतली सगळ्यांत खडतर नेमणूक; इथे दुपारी एक ते चार कुणाशीच वाटाघाटी होत नाहीत), आणि सत्तरीच्या उंबऱ्यावर एके दिवशी लिहायला बसलो. तुंबलेलं धरण फुटावं तसं झालं. शाई कमी पडली, कागद कमी पडला, चष्म्याचा नंबर वाढला. ज्या वयात लोक गुडघे बदलून घेतात, त्या वयात मी धंदा बदलला आणि लेखक झालो. अभिमान वाटतो का? वाटतो. लपवू कशाला?

पुस्तक ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात तयार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई सुरू व्हायची होती. अडचण एकच. आमच्या खात्यात एक रीत असते: मसुदा ज्याच्याविषयी आहे त्याची संमती घेतल्याशिवाय तो बाहेर जात नाही. कोपऱ्यात त्याची छोटी सही लागते. पुस्तकात एक आख्खं प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीवर होतं. आक्कावर. तिने शिकवलं म्हणून मी शिकलो. मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं, की ती हो म्हणाली तर पुस्तक, नाही म्हणाली तर पुस्तकच नाही. आणि आक्का सहज हो म्हणणाऱ्यांतली नाही. तिने होकार दिलेली शेवटची गोष्ट म्हणजे तिचं लग्न, आणि त्याबद्दलही ती अजून विचार करते आहे.

घाट उतरलो, कळंबोली मागे पडली, आणि शीळफाट्याला आम्ही जागतिक दर्जाच्या वाहतूक कोंडीत सापडलो. मी वाळवंटात बंद झालेल्या सीमेवर उंटांच्या मागे ताटकळलो आहे. पण उंट निदान अधूनमधून बसतात. इथे कंटेनर, टँकर, डंपर सगळे उभ्याउभ्या तापत होते. गाड्यांच्या मधून एक आगरी बाप्या (पुरुष) डोक्यावर ताडगोळ्यांची टोपली घेऊन रमतगमत येत होता. जाम सुटू नये अशी प्रार्थना करणारा तिथला तो एकटाच.

त्याने काचेवर टकटक केलं. "दादूस (भाऊ), इंजिन बंद करा. इथं लग्न लागून पोरं व्हतीन, तवा सिग्नल सुटंल."

"किती वेळ लागेल?"

"माझा टोपला संपंपरत."

मी टोपलीतले निम्मे ताडगोळे घेतले, वाटलं तेवढाच सिग्नल लवकर सुटेल. गार, लुसलुशीत, पाण्याने टरारलेले. पहिला सोलताच पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट पिशवीवर. मी असा किंचाळलो की शेजारच्या डंपरवाल्याने हॉर्न वाजवला. पिशवी उघडून पाहिलं. भिजलं होतं ते नेमकं आक्काच्या प्रकरणाचं पहिलं पान. गणेशने ते एसीच्या झोतापुढे धरून वाळवलं. वाळवता वाळवता वाचलंही.

"साहेब, ही ताई लई रडते हो," तो म्हणाला.

मी खूश झालो. ते पान लिहिताना मीही रडलो होतो.

कल्याण-शीळ रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना टॉवर, परदेशी शहरांची नावं लावलेले. त्यांच्या नावांच्या पाट्या वाचत गेलो तर मला माझी सगळी नोकरी पुन्हा भेटली. युरोपातल्या ज्या शहरात मी पहिल्यांदा बर्फ पाहिला, ते इथे बावीस मजली उभं होतं आणि त्याच्या दारात पाण्याचा टँकर आला होता. ज्या शहरातून मला एका रात्रीत सामान बांधावं लागलं, ते इथे 'ताबा तयार' होतं. मी गणेशला म्हटलं, "यातल्या तीन इमारतींत मी राहिलोय." तो म्हणाला, "मग विकलीत कशाला?"

डोंबिवली उजवीकडे... नाही, डावीकडे टाकून कल्याणात शिरलो, पत्री पूल ओलांडला आणि विठ्ठलवाडीला पोचलो. आमची चाळ आता राहिली नाही. तिच्या जागी चार मजली इमारत आहे, लिफ्टशिवाय. आक्का तिसऱ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट नाही याचा तिला अभिमान आहे, कारण त्यामुळे नको ते पाहुणे खालीच गळतात. मी गळता गळता पोचलो.

दार आक्काच्या सुनेने, वैशालीने उघडलं. आत खुर्चीत आक्का. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठीचा कणा झेंड्याच्या काठीसारखा.

"जय भीम, आक्का."

"जय भीम. हडकलास बाळ्या. पुण्यात जेवायला घालत नाहीत का?"

महामहिम, हिज एक्सलन्सी, ऑनरेबल, काय काय म्हणून घेतलं मी आयुष्यात. विठ्ठलवाडीत तिसऱ्या मजल्यावर मी बाळ्या.

जेवायला बोंबलाचं सुकं, तांदळाची भाकरी, कैरीची चटणी आणि शिवाय वैशालीने सकाळीच उल्हासनगरहून आणलेलं दाल-पकवान (तळलेली कुरकुरीत मैद्याची पोळी, वर चण्याची डाळ). दोन्ही एकाच ताटात. मी पंचवीस प्रकारच्या मेजवान्या जेवलो आहे, एका मेजवानीत तर उंटाच्या पोटात मेंढा, मेंढ्याच्या पोटात कोंबडी आणि कोंबडीच्या पोटात अंडं होतं. पण त्या सगळ्यांनी मिळून या ताटाला नमस्कार करावा.

जेवणं होईतो बातमी जिन्यात पसरली होती. चाळीपासूनचे शेजारी सावंतकाका आले. मूळचे मालवणकडचे, आक्काच्याच वयाचे, कुणाच्याही घरात दाराच्या आत येऊन मग विचारणारे, "येव काय?" ते ऐसपैस बसले.

"वाच मेल्या," ते म्हणाले. "बघूया तुझी विद्या."

मी घसा खाकरला आणि वाचायला लागलो. संयुक्त राष्ट्रांतही मी इतका जीव लावून वाचलं नव्हतं. प्रकरण असं: पहाटे उठून वागळे इस्टेटच्या बिस्किटांच्या कारखान्यात जाणारी बहीण. स्वतः फाटकं लुगडं नेसून भावाला फी देणारी. आणि शेवटी तो प्रसंग, मी परीक्षा पास होऊन दिल्लीला निघालो तो दिवस. कल्याण स्टेशनचा फलाट. गाडी सुटते. आक्का पदराने डोळे पुसत गाडीबरोबर धावते, धावते, आणि फलाट संपतो. मी शेवटचं वाक्य जरा हळू वाचलं. वैशालीने डोळे पुसले. दारात गणेश उभा होता, त्यानेही.

आक्का म्हणाली, "हे नाही छापायचं."

मला वाटलं, भावना अनावर झाल्या. "आक्का, लोकांना कळू दे ना तू काय केलंस..."

"मी हे केलंच नाही. मी त्या दिवशी स्टेशनावर आलेलेच नव्हते. आणि धावले? कशाला धावू? गाडी काय माझ्या बापाची होती?"

"अगं, ते लेखनात थोडं..."

"थोडं काय? बाकीची पानं मी मघाशीच चाळली. चित्ता बूट खातो, ते चालतं. तो राजा तुझ्या हातची पिठल्याची रेसिपी मागतो, तेही चालतं. सगळ्या जगाबद्दल हत्तीएवढं लिहिलंस बाळ्या, आणि माझ्याबद्दल उंदराएवढं. फाटकं लुगडं! माझं लुगडं कधी फाटकं नव्हतं. मी स्वतः पगार मिळवत होते."

"खराच तां," सावंतकाका मध्येच म्हणाले. "कडक इस्त्री. आमी घाबरायचो हिका."

"तुम्ही गप्प बसा हो सावंत."

"मी तुझ्याच बाजून बोलतंय गो!"

मुत्सद्दी माणसाची ही खोडच असते: ज्याच्याविषयी आदर, त्याच्याविषयी इतकं मऊ, इतकं जपून, इतकं सभ्य लिहायचं की तो माणूसच त्यातून नाहीसा व्हावा. शोकसंदेश आम्ही असेच लिहितो. मी जिवंत बहिणीवर शोकसंदेश लिहून आणला होता.

"मग तू त्या दिवशी होतीस कुठे?" मी विचारलं. "मला तर वाटलं ओव्हरटाइम होता."

"विचारलंस कधी? तू आलास की तुझंच सुरू. राजा असा, उंट असा." ती उठली. "वैशाली, माझी चप्पल दे. बाळ्या, तुझा छापखाना वागळे इस्टेटलाच आहे ना? चल. तिथेच सांगते."

"आणि मंजुरी?"

"आधी ऐक. मग ठरवते."

सावंतकाकांना यायचं होतं. आक्काने त्यांना दाराला कडी लावायचं काम दिलं.

परतीचा रस्ता पुन्हा शीळफाटा, मग मुंब्र्याचा बायपास. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला खाली खाडी, आणि मावळतीकडे कलणारं ऊन पाण्यावर पितळेसारखं पसरलेलं. मी म्हटलं, "आक्का, भूमध्य समुद्रसुद्धा असा..." ती म्हणाली, "खाडी आहे ती. खाडीच म्हण." मी ठाण्यापर्यंत खाडीच म्हणालो.

वागळे इस्टेटमध्ये शिरलो. जुने कारखाने अजून आहेत, पण मध्येमध्ये काचेच्या उंच इमारती. आक्का खिडकीतून वळणं मोजत होती. एका काचेच्या इमारतीपुढे तिने गाडी थांबवायला सांगितली. फाटकाशी सुरक्षारक्षक.

"कुणाला भेटायचंय, आजी?"

"कुणालाच नाही. मी इथे बारा वर्षं काम केलंय. जरा उभी राहणार आहे."

त्या बिचाऱ्याच्या वहीत हा रकाना नव्हता. त्याने तिला त्याची खुर्ची दिली. ती तिच्यावर बसली नाही. खुर्चीचा एक हात धरून उभी राहिली आणि सांगू लागली.

बिस्किटांच्या पॅकिंगला सगळ्या बायका. संडासाला जायचं तर सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेला पितळी बिल्ला घेऊन जायचं. आख्ख्या शेडला बिल्ला एकच. एक बाई परत येईतो दुसरीने दात खाऊन उभं राहायचं. गरोदर असो, म्हातारी असो. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, 'नियम आहे.'

"मग त्या दिवशी आम्ही ठरवलं," आक्का म्हणाली, "नियम पाळायचा. भोंगा वाजला, मी उठले आणि खिळ्यापाशी जाऊन रांगेत उभी राहिले. माझ्यामागे सखू. सखूमागे पेडणेकरीण. मग सगळी शेड. सुपरवायझर ओरडतो, कामाला जा. मी म्हटलं, साहेब, नियम आहे, बिल्ला मिळाला की जाते. बिल्ला सखूच्या नणंदेकडे. ती गेली आत आणि कडी लावून बसली. निवांत. आत गाणं म्हणत होती बया."

"मशीन?"

"मशीन चालूच! बंद करायचा मान सुपरवायझरचा, आणि तो आमच्याशी भांडण्यात गुंग. पट्ट्यावरून बिस्किटं येतायत, येतायत, खाली पडतायत. ढीग झाला. मालक धावत आला तर त्याचे पाय बिस्किटांत."

आतापर्यंत काम सुटलेल्या पोरी फाटकातून बाहेर येत होत्या. गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर लॅपटॉपच्या पिशव्या. दोघी थांबल्या, मग चौघी, मग मोजणं मी सोडून दिलं.

"मग मी बाहेर आले, इथे, अशी खोक्यावर उभी राहिले," आक्का म्हणाली, आणि मला कळायच्या आत ती खरोखर त्या खुर्चीवर चढली. मी एका बाजूने धरलं, रक्षकाने दुसऱ्या. "समोरच्या दोन कारखान्यांच्या बायका जमल्या. मी एवढंच म्हटलं: बायांनो, मालकाला नियम आवडतो ना? उद्या तुम्हीपण पाळा!"

हे शेवटचं वाक्य तिने अशा आवाजात म्हटलं की समोरच्या इमारतीच्या काचा थरारल्या, ठाणे स्टेशनाच्या घड्याळाचा काटा मागे गेला आणि येऊरच्या जंगलातला बिबट्या उठून बसला. यात एक अक्षर माझ्या पदरचं नाही. पोरींनी टाळ्या वाजवल्या. एकीने मोबाइलवर टिपलं.

"दुसऱ्या दिवशी?" तीच पोरगी विचारत होती.

"दुसऱ्या दिवशी खिळासुद्धा काढला."

ती पोरगी म्हणाली, "आजी, आमच्याकडे बिल्ला नाहीये. पण उठून गेलं ना, की स्क्रीनवर लाल टाइम सुरू होतो. टीम लीडरला दिसतो."

आक्काने तिच्याकडे खुर्चीवरूनच पाहिलं. "सगळ्यांचा एकदम लाल झाला तर?"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या बघण्यात जे होतं ते पाहून मी ओळखलं की या इमारतीत येत्या काही दिवसांत नियम फार काटेकोर पाळले जाणार आहेत.

मी शिष्टमंडळं पाहिली आहेत, शिखर परिषदा पाहिल्या आहेत, रुसून सभागृहाबाहेर गेलेले मंत्री परत आणले आहेत. विरोधकाचाच नियम हातात घेऊन त्याला गुडघ्यावर आणण्याची विद्या आम्हाला दिल्लीत आणि परदेशातल्या मोठ्या मोठ्या शाळांत शिकवत. ती माझ्या घरात होती. ज्या दिवशी मी ती शिकायला दिल्लीला निघालो, त्याच दिवशी ती ठाण्यात वापरली जात होती.

छापखान्याचे मालक आणि माझे प्रकाशक जोगळेकर दारातच उभे होते. शुद्ध बोलणारे, शुद्ध चिडणारे गृहस्थ. मी त्यांना सांगितलं, आक्काचं प्रकरण काढायचं, नवं लिहून देतो.

"महाशय, उद्या सकाळी छपाई आहे. पुण्यातलं सभागृह ठरलंय, निमंत्रणं गेलीत. ते प्रकरण तर सर्वांत हृद्य आहे. माझ्या पत्नीला वाचताना अश्रू अनावर झाले."

"तिला म्हणावं, डोळे पूस," आक्का म्हणाली. "मी बरी आहे."

जोगळेकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "प्रकाशन पुढे ढकला. सभागृह सोडा. लोकांना मी स्वतः फोन करतो." आयुष्यभर मी तारखा पाळल्या, मुहूर्त पाळले, दोन देशांचे झेंडे एका उंचीवर आहेत का ते फूटपट्टीने मोजलं. तारीख मोडताना इतकं हलकं, इतकं ताठ कधी वाटलं नव्हतं.

मग मी वळून विचारलं, "आक्का, आता मंजुरी?"

जोगळेकरांच्या घरचा चहा आला, तिने तो बशीत ओतून संपवला.

"दिली. पण स्टेशनावर मला नेऊ नकोस. आणि सखूच्या नणंदेचं गाणं गाळू नकोस, नाहीतर ती येऊन भांडेल."

"आणि बिस्किटं? ढीग कुठपर्यंत आला होता?"

"घोट्यापर्यंत." मग तिने डोळे बारीक केले. "कमरेपर्यंत लिही."

आक्काला मी गणेशबरोबर विठ्ठलवाडीला परत पाठवलं आणि स्वतः ठाण्याहून पुण्याची एसटी धरली. खूप प्रवास केले, खूप परतलो. दर वेळी एखादा तह, नाहीतर गालिचा घेऊन आलो. एवढा मोठा ऐवज घेऊन प्रथमच येत होतो. लोक म्हणतात, माणूस उशिरा लेखक झाला की त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. खोटं आहे. त्याच्याकडे सांगून सांगून गुळगुळीत झालेलं पुष्कळ असतं. विचारायचं राहून गेलेलं कुठे मिळतं, ते शोधायला त्याला गाडी काढावी लागते.

बस सुटल्या सुटल्या मी मांडीवर कागद घेतले आणि नव्याने सुरुवात केली. बस हलत होती, अक्षरं उड्या मारत होती, मी थांबत नव्हतो. शेजारी एक सद्गृहस्थ बसले होते. ते बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी राहवेना.

"लेखक आहात वाटतं?"

"आहे!" मी असं ओरडलो की कंडक्टर वळला.

"काय लिहिताय?"

"माझ्या बहिणीबद्दल. तिने कारखान्यात काम करून मला शिकवलं."

त्यांनी मान हलवली. चेहरा हळवा केला. "फार सोसलं असेल हो त्यांनी."

"तिने?" मी म्हटलं. "मालकाने!"